पब्लिक लायबिलिटी पॉलिसी : पिंजऱ्यातला प्राणी सुटला तर ती कितपत कामाला येते?

सामान्य विमा कंपन्या ‘पब्लिक लायबिलिटी, नॉन-इंडस्ट्रियल रिस्क’ या नावाने जी पॉलिसी विकतात, तिचा साचा हॉटेल, नाट्यगृह, शाळा, प्रदर्शन, मनोरंजन उद्यान या सगळ्यांसाठी जवळपास एकच असतो. आपल्या जागेत अपघात होऊन तिऱ्हाइताला इजा झाली किंवा त्याची मालमत्ता बिघडली, तर कायद्याने द्यावी लागणारी भरपाई आणि कोर्टाचा खर्च कंपनी देते. पुण्याच्या आसपास घोडे, उंट, शहामृग ठेवणारी कृषी पर्यटन केंद्रं आहेत, परदेशी पक्षी आणि सरडे दाखवणारे कॅफे आहेत, आणि कात्रजला महापालिकेचं राजीव गांधी प्राणीसंग्रहालय आहे. प्राणी ठेवणाऱ्या कुणीही दायित्वाचा विमा मागितला की एजंट बहुधा हाच कागद पुढे करतो. हे परीक्षण एका प्रसंगापुरतं आहे : प्राणी बंदिस्त जागेतून निसटला आणि माणूस जखमी झाला, तर ही पॉलिसी पैसे देते का?

मत आधीच सांगतो. पॉलिसी घेण्यासारखी आहे आणि प्राणी ठेवणाऱ्याने तिच्याशिवाय राहू नये. पण साच्यातली जशीच्या तशी घेतली, तर प्राणी सुटण्याच्या नेमक्या प्रसंगातच ती वादात सापडते. तीन ठिकाणी एन्डॉर्समेंट (मूळ पॉलिसीला जोडलेली लेखी दुरुस्ती) लावून घेतलं आणि चौथ्या ठिकाणी नोंदवही नीट ठेवली, तरच ती कामाची.

गरज का, ते आधी. मार्च २०२४ मध्ये कात्रजच्या प्राणीसंग्रहालयातला एक बिबट्या पिंजऱ्यातून निसटला. तो आवारातच होता, दुसऱ्या दिवशी पकडला गेला आणि कुणाला इजा झाली नाही. सुमारे १३० एकरांचं हे आवार. एका अंगाला तलाव, बाकी सगळीकडे दाट वस्ती आणि सातारा रस्त्याची वाहतूक. तोच बिबट्या भिंतीबाहेर पडून कुणाला जखमी करता, तर भरपाईचा दावा महापालिकेवर आला असता आणि ‘आमचा निष्काळजीपणा नव्हता’ एवढं सांगून सुटका होणं अवघड होतं. कुत्रा, बैल यांसारख्या पाळीव प्राण्याने इजा केली, तर त्याचा स्वभाव मारका आहे हे मालकाला ठाऊक होतं असं सिद्ध करावं लागतं. वाघ, अस्वल, हत्ती, माकड अशा स्वभावतः धोकादायक प्राण्यांसाठी तो पुरावा लागत नाही. ठेवलात, तर जबाबदारी तुमची.

हे तत्त्व इंग्लंडच्या कॉमन लॉमधून, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या कायद्यातून, आपल्याकडे आलं. १८४६ च्या ‘मे विरुद्ध बर्डेट’ या माकडाच्या चाव्याच्या खटल्यात ते मांडलं गेलं आणि १९५७ च्या ‘बेहरेन्स विरुद्ध बर्ट्राम मिल्स सर्कस’ मध्ये त्याची धार दिसली. त्या सर्कशीतला हत्ती शिकवलेला, शांत होता. एक छोटा कुत्रा भुंकत अंगावर आल्याने तो बिथरला, कुत्र्यामागे धावला आणि वाटेतला लाकडी बूथ आतल्या माणसांवर कोसळला. हत्तीने कुणाला सोंडेने धरलं नाही की तुडवण्याच्या इराद्याने कुणावर धावूनही गेला नाही. तरीही सर्कस जबाबदार ठरली. ‘तिऱ्हाइतामुळे झालं’ हा बचावही न्यायालयाने मानला नाही. आपल्याकडे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश विद्युत मंडळ विरुद्ध शैल कुमारी या प्रकरणात हाच सूर लावला : रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने सायकलस्वार दगावला, कुणीतरी चोरून वीज घेत होतं हा मंडळाचा बचाव टिकला नाही. ‘पिंजऱ्याचं दार कुणीतरी मुद्दाम उघडलं’ असं म्हणणाऱ्याने हा निकाल आधी वाचावा. बचाव उरतो तो मुख्यतः एकच, जखमी माणसाने स्वतःहून संकट ओढवून घेतलं हा. कठडा ओलांडून आत उतरलेल्याची गोष्ट निराळी, घरी निघालेल्या रिक्षावाल्याची निराळी.

म्हणजे दायित्व जड आहे, आणि तेवढ्यासाठी विमा हवा. आता पॉलिसीचा कागद उघडू.

पहिली अडचण ‘विमा उतरवलेली जागा’ या शब्दांत आहे. साच्यातल्या शब्दरचनेनुसार अपघात शेड्यूलमध्ये (पॉलिसीच्या तपशिलांच्या पानावर) लिहिलेल्या जागेत घडलेला असावा लागतो. हॉटेलला हे पुरतं, कारण हॉटेलचा जिना कात्रज चौकात चालत जात नाही. प्राणी मात्र जातो. बिबट्या कुंपणावरून उडी मारून बाहेर पडला आणि अर्ध्या किलोमीटरवर इजा झाली, तर अपघात कुठे घडला? पिंजऱ्याच्या दारात की रस्त्यावर? कंपनीचा वकील रस्त्यावर म्हणेल, तुमचा वकील दारात. हा वाद जखमी माणूस रुग्णालयात असताना सुरू होतो आणि वर्षानुवर्षं चालतो. उपाय सोपा आहे, फक्त पॉलिसी घेतानाच करायचा : ‘विमाधारकाच्या जागेतून सुटलेल्या प्राण्यामुळे भारतात कुठेही झालेली इजा या पॉलिसीत धरली जाईल’ अशा अर्थाचं एन्डॉर्समेंट लेखी मागा. प्राणी एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवताना वाहनात असेल, तो प्रवासही त्यात लिहून घ्या. एजंट ‘ते त्यात येतंच’ म्हणाला, तर त्याला तेच अंडररायटरकडून, म्हणजे जोखीम घ्यायची की नाही हे कंपनीत ठरवणाऱ्याकडून, ई-मेलवर आणायला सांगा. तोंडी खात्रीला क्लेमच्या वेळी किंमत नसते.

दुसरी अडचण नैसर्गिक आपत्तीची, आणि पुण्यासाठी ती सगळ्यात मोठी. भूकंप, पूर, वादळ यांमुळे उद्भवलेलं दायित्व साच्यातल्या पॉलिसीतून वगळलेलं असतं. जास्तीचा प्रीमियम भरून ते परत घेता येतं. प्राणी सुटण्याच्या मोठ्या घटनांमध्ये पाणी हे कारण किती थेट असतं, ते जून २०१५ मध्ये जॉर्जियातल्या तिबिलिसीत दिसलं. पुराने प्राणीसंग्रहालयाचं कुंपणच वाहून गेलं, वाघ, सिंह, अस्वलं, पाणघोडा शहरात आले, आणि काही दिवसांनी एका गोदामात दडलेल्या पांढऱ्या वाघाने माणूस मारला. कात्रज तलावाच्या बाजूने येणारा आंबिल ओढा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काय करू शकतो, हे पुण्याने पाहिलं आहे. मुसळधार पावसात सीमाभिंतीचा एक तुकडा खचला किंवा झाड जाळीवर पडलं आणि प्राणी निसटला, तर बिनएन्डॉर्समेंटची पॉलिसी तिथेच थांबते. कोर्ट मात्र तुम्हाला ‘देवाची करणी’ एवढ्यावर सोडेलच असं नाही, कारण दरवर्षी येणारा पाऊस अनपेक्षित म्हणता येत नाही. विमा नाही आणि दायित्व मात्र आहे, अशी ही सर्वांत वाईट जागा. प्रीमियम वाचवायचाच असेल तर दुसरीकडे वाचवा, हे कलम सोडू नका.

तिसरी अडचण कायदा जाणूनबुजून न पाळण्याची. प्राणीसंग्रहालयाला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३८-एच खाली केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते, आणि २००९ च्या मान्यता नियमांत भोवतालची भिंत जमिनीपासून किमान २ मीटर असावी असं म्हटलं आहे. तपासणी अहवालात जाळी गंजल्याची नोंद असेल आणि दुरुस्ती झाली नसेल, तर कंपनी त्या नोंदीवर बोट ठेवून ‘तुम्हाला माहीत होतं’ म्हणते. आकड्यांचं महत्त्व सॅन फ्रान्सिस्कोने दाखवलं : २५ डिसेंबर २००७ ला तिथली वाघीण खंदक ओलांडून बाहेर आली, एकाचा जीव गेला, दोघे जखमी झाले. मोजल्यावर खंदकाची भिंत सुमारे १२ फूट ५ इंच भरली. तिथल्या प्राणीसंग्रहालय संघटनेची शिफारस साधारण १६ फूट ५ इंचांची होती. दोघा जखमींचा दावा पुढे ९ लाख डॉलरला मिटला.

इथे एन्डॉर्समेंट उपयोगाचं नाही, नोंदवही उपयोगाची आहे. पिंजऱ्याची दुहेरी दारं हा प्राणी आत ठेवण्याचा खरा आधार : बाहेरचं दार बंद करून कुलूप लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. चुका होतात त्या इथेच. साफसफाईच्या घाईत दोन्ही दारं एकदम उघडी राहतात. रात्रीच्या कोठडीचं सरकतं झडप वायर-रोपने वर ओढलं जातं. पुलीपाशी रोपच्या तारा एकेक तुटत जातात आणि झडप पूर्ण खाली न बसता चार बोटांची फट राहते. प्राणी आत आला की नाही हे डोळ्यांनी न मोजता रक्षक मोकळ्या भागात पाऊल टाकतो. म्हणून रोजच्या नोंदवहीत चार रकाने असावेत : कोणतं कुलूप, कुणी लावलं, किती वाजता, आणि आत किती प्राणी मोजले. सोबत दर पंधरवड्याला वायर-रोप, बिजागऱ्या, जाळीचे वेल्ड, भिंतीवर झुकलेल्या फांद्या आणि सांडपाण्याच्या तोंडावरच्या लोखंडी जाळ्या तपासल्याची सही. फांद्या आणि गटारं यांच्याकडे फार कमी जण बघतात. बिबट्यासारखा चढणारा प्राणी मात्र आधी तिथेच बघतो. अपघातानंतर सर्व्हेअर पहिल्यांदा हीच वही मागतो, आणि एका बैठकीत एकाच पेनाने भरलेली वही त्याला लगेच ओळखू येते.

प्रपोजल फॉर्ममध्ये पूर्वी प्राणी निसटल्याच्या घटना विचारलेल्या असोत वा नसोत, सगळ्या लिहा. कुणाला इजा झाली नव्हती म्हणून घटना गाळली, तर माहिती दडवल्याच्या कारणावरून अख्खा क्लेम नाकारला जाऊ शकतो.

चौथी जागा माणसांची. पॉलिसी तिऱ्हाइतांसाठी आहे. पगारी रक्षक त्यातून वगळलेला असतो, त्याची भरपाई कामगार कायद्याखाली आणि त्यासाठी वेगळी पॉलिसी. कंत्राटदाराकडून आलेल्या सफाई कामगाराचंही तसंच, आणि तिथे मुख्य मालक म्हणून तुमच्यावरही बोजा येतो. राहतात ते स्वयंसेवक. सुटलेला प्राणी पकडायला वनखात्याबरोबर बचाव संस्थांचे तरुण, बाहेरचे पशुवैद्यक, सर्पमित्र धावून येतात. ते कर्मचारी नाहीत, पण तुमच्या सांगण्यावरून कामाला लागलेले, त्यामुळे तिऱ्हाईत आहेत की नाही यावर वाद होतो. जिवाला सर्वांत जास्त धोका यांनाच असतो. ‘बचावकार्यातील स्वयंसेवक तिऱ्हाईत मानले जातील’ ही एक ओळ मागून घ्या. जोडीला त्यांचा गट अपघात विमाही काढा. त्याचा खर्च दायित्वाच्या पॉलिसीच्या मानाने किरकोळ असतो.

चेंगराचेंगरीबद्दल थोडंसं. ‘वाघ सुटला’ एवढ्या आरोळीने रविवारच्या गर्दीत पळापळ झाली, तर प्राण्याच्या नखाने एक आणि पायाखाली येऊन पंधरा जखमी होतील. बेहरेन्सच्या खटल्याप्रमाणे तीही प्राण्यामुळेच झालेली इजा मानली जाण्याची शक्यता मोठी आहे. पण पॉलिसीत एका कारणाने आलेले सगळे दावे मिळून एकच अपघात धरतात, म्हणजे त्या सोळाही जणांना एकच एओए मर्यादा (एका अपघातासाठी कंपनी देईल ती कमाल रक्कम) पुरवायची. वकिलाची फीसुद्धा त्याच रकमेतून जाते.

म्हणून एओए किती घ्यावी? एजंट ५० लाखांवर थांबवतो. हिशोब करून बघा. मोटार अपघातांसाठी सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिलेली गुणकाची रीत इतर अपघातांतही वापरली जाते. वय ३५, स्वतःचा व्यवसाय, महिन्याची कमाई ४०,००० रुपये, घरात चार अवलंबून. वर्षाचे ४,८०,०००, भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून ६,७२,०००, स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाता ५,०४,०००, या वयाचा गुणक १६. उत्तर ८०,६४,०००, आणि त्यावर अंत्यविधी वगैरेंचे ठरावीक पैसे. हाच माणूस कायमचा शंभर टक्के अपंग झाला, तर चौथा हिस्सा वजा होत नाही आणि आकडा १,०७,५२,००० वर जातो. शस्त्रक्रिया, कृत्रिम अवयव, सोबतीचा माणूस वेगळे. एका माणसाचा हा हिशोब. वाघ, सिंह, अस्वल ठेवणाऱ्या मोठ्या आवाराने ५ कोटींखालची एओए घेऊ नये असं आमचं मत आहे. वर्षाची मर्यादा, म्हणजे एओवाय, त्याच्या दुप्पट. शहामृग आणि घोडे ठेवणाऱ्या केंद्राला १ ते २ कोटी पुरावेत. एक्सेसची, म्हणजे प्रत्येक दाव्यात आधी स्वतःच्या खिशातून भरायची, रक्कम किती टक्के आणि कशावर मोजणार, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

पॉलिसी ‘क्लेम्स-मेड’ तत्त्वावर असते : अपघात रेट्रो डेटनंतर (पॉलिसीत लिहिलेली, जिच्या आधीचे अपघात धरत नाहीत ती तारीख) घडलेला हवा आणि दावाही पॉलिसी चालू असतानाच आलेला हवा. प्राणीसंग्रहालयात हे जास्त बोचतं, कारण तिथला अर्धाअधिक प्रेक्षक लहान मुलं. मुदत कायदा, १९६३ च्या कलम ६ नुसार अज्ञान मुलाची मुदत ते सज्ञान झाल्यावर मोजली जाते. आठ वर्षांच्या मुलीचा दावा दहा वर्षांनीही येऊ शकतो. मधल्या काळात कंपनी बदलली आणि नव्या कंपनीने रेट्रो डेट नवी टाकली, तर जुना अपघात कुणाच्याच पॉलिसीत बसत नाही. कंपनी बदला हवी तर, जुनी रेट्रो डेट मात्र पुढे न्या. अपघात झाला की दावा येण्याची वाट न पाहता लेखी कळवा. बहुतेक पॉलिसींत अशी वेळेवरची सूचना नंतरच्या दाव्याला आधार देते.

घटनेच्या दिवशीची एक चूक महागात पडते. कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही, रक्कम जाहीर करायची नाही, अशी अट असते. रुग्णालयाच्या दारात पत्रकारांसमोर ‘चूक आमचीच, पाच लाख देतो’ म्हटलं की अट मोडली. जखमीला मदत थांबवायची गरज नाही आणि थांबवूही नये : आधी कंपनीला ई-मेल करा, आणि उपचाराचा खर्च ‘दायित्व मान्य न करता, माणुसकीच्या भूमिकेतून’ असं लिहून थेट रुग्णालयात भरा. काही कंपन्या अशा तातडीच्या उपचारांसाठी दोषाचा प्रश्न न काढता वेगळी छोटी मर्यादा देतात. असेल तिथे जरूर घ्या.

दंड आणि शिक्षा पॉलिसीत कधीच येत नाहीत. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१, ताब्यातल्या प्राण्याबाबत निष्काळजीपणा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मृत्यू झाला तर कलम १०६. हे ज्याचं त्याने भोगायचं.

आता दुसऱ्या बाजूने, म्हणजे जखमी झालेल्याच्या. ही पॉलिसी त्याला थेट पैसे देत नाही. आधी प्राणी ठेवणाऱ्यावर दावा, मग कंपनी. तिकीट काढून आत आलेला असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाचा रस्ता सगळ्यात स्वस्त, कारण फी भरपाईच्या मागणीवर ठरत नाही, मोजलेल्या मोबदल्यावर, म्हणजे तिकिटाच्या पैशांवर, ठरते, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला ती शून्य आहे. मुदत दोन वर्षं. तिकिटामागे ‘व्यवस्थापन जबाबदार नाही’ छापलेलं असलं तरी तक्रार करा. भिंतीबाहेरच्या रहिवाशाला मात्र हा रस्ता नाही, त्याला शिवाजीनगरचं दिवाणी न्यायालय किंवा मुंबई उच्च न्यायालयात रिट. महापालिकेवर दिवाणी दावा करताना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चं कलम ४८७ पाहा : आधी मुख्य कार्यालयात लेखी नोटीस, एक महिना थांबायचं, आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा. हे कलम आपल्याला लागू नाही असा युक्तिवाद होऊ शकतो, पण त्या भरवशावर सातवा महिना उजाडू देऊ नका. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले आणि अपंग व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

वनविभागाच्या भरपाईशी याची गल्लत करू नका. जुन्नरच्या उसातल्या बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर राज्य सरकार २५ लाख देतं. ती योजना मोकळ्या रानातल्या प्राण्यांसाठी आहे. पिंजऱ्यातल्या प्राण्याला मालक आहे, मागणी त्याच्याकडे करायची. पंचनाम्यात प्राणी कुठून आला हे स्पष्ट लिहून घेतलं नाही, तर दोन कार्यालयं फाईल एकमेकांकडे टोलवत राहतात.

सरकारी प्राणीसंग्रहालयाची पॉलिसी कशी आहे हे अपघाताची वाट न पाहता कुणालाही विचारता येतं. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘विमा आहे का’ एवढंच विचारू नका, ‘हो’ एवढंच उत्तर येईल. चालू वर्षाच्या पब्लिक लायबिलिटी पॉलिसीची शेड्यूल आणि सर्व एन्डॉर्समेंटसह प्रत, एओए आणि एओवायच्या रकमा, रेट्रो डेट, नैसर्गिक आपत्तीचं कलम समाविष्ट आहे का, आणि प्राणी जागेबाहेर गेल्यावरचं संरक्षण कोणत्या एन्डॉर्समेंटने दिलं आहे, असं एकेक करून मागा.